घडीचा चाकू ‘काही वर्षांत ढिला होतोच’ म्हणणाऱ्यांसाठी

घडीच्या चाकूंबद्दल एक मत इतक्यांदा पुढे पाठवलं जातं की ते तपासून पाहायच्या फंदात आता कुणी पडत नाही. थोडक्यात ते असं: चाकू कितीही चांगला घ्या, काही वर्षांत पातं हलायला लागतंच. पातं हललं म्हणजे चाकू हलक्या दर्जाचा आणि धोक्याचा. उपाय एकच, पिव्हटचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या पिनेचा, स्क्रू गच्च आवळा आणि लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा. बेअरिंगवाले, म्हणजे पातं बारीक गोळ्यांवर फिरणारे, चाकू लवकर ढिले होतात, वॉशरवाले, म्हणजे चकत्यांवर फिरणारे, टिकतात. आणि रिव्हेटचा, म्हणजे स्क्रूऐवजी ठोकून बसवलेल्या पिनेचा, चाकू ढिला झाला की संपला.

प्रत्येक विधानात थोडंफार तथ्य आहे, म्हणून ते पटतं. पण या सल्ल्यापायी चांगले चाकू आवळून आवळून खराब केले जातात, आणि ज्याच्यापासून खरंच सावध राहायला हवं तो चाकू ‘स्क्रू आवळलाय, आता ठीक आहे’ म्हणून खिशात राहतो. यातली दुसरी गोष्ट बोटांवर बेतू शकते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

‘पातं हललं म्हणजे चाकू धोक्याचा, आणि स्क्रू आवळला की धोका टळला.’

आधी पातं कुठल्या दिशेला हलतंय ते पाहा. चाकू उघडून लॉक करा, मूठ एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून डावी-उजवीकडे हलवा. मग वर-खाली, म्हणजे धारेच्या आणि पाठीच्या दिशेनं. हे दोन वेगवेगळे दोष आहेत. त्यांची कारणं वेगळी, इलाज वेगळे.

डावी-उजवी हालचाल म्हणजे पातं आणि दोन्ही बाजूंचे वॉशर यांच्यात राहिलेली फट. ती टोकाशी फार मोठी वाटते. वॉशरचा व्यास 10 मिमी आणि पिव्हटपासून टोकापर्यंतचं अंतर 90 मिमी धरा. मध्ये फक्त 0.02 मिमी फट असेल, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, तरी टोक एका बाजूला साधारण 0.18 मिमी सरकतं. दोन्ही बाजू मिळून 0.36 मिमी. बोटांना हे लगेच कळतं आणि माणूस घाबरतो. लॉकच्या पकडीशी मात्र या फटीचा फारसा संबंध नसतो. स्क्रू किंचित फिरवला की ती जाते. शिवाय पुष्कळदा जे हलताना वाटतं ते पातं नसतंच. जोर लावल्यावर पातळ मूठ वाकते, लांब पातं लवतं. पातं जिथे मुठीत शिरतं तिथल्या सांध्यावर नख टेकवून पाहा. तिथे काही सरकत नसेल तर पिव्हटला हात लावायचं कारण नाही.

वर-खाली हालचालीचं तसं नाही. स्क्रू आवळल्यानं दोन्ही बाजू जवळ येतात, एवढंच होतं. पात्याचं भोक आणि पिव्हटची पिन यांच्यातली जागा त्यानं तसूभरही कमी होत नाही. ही थोडी जागा प्रत्येक चाकूत असते, आणि उघडलेलं पातं स्थिर ठेवायचं काम लॉक आणि स्टॉप पिन (उघडताना पातं जिच्यावर येऊन थांबतं ती पिन) मिळून करतात. एकीकडून स्टॉप पिन अडवते, दुसरीकडून लॉक रेटतं, आणि त्या दोघांत पातं अडकून राहतं. पातं वर-खाली डुगडुगतंय याचा अर्थ लॉक पात्यापर्यंत नीट पोचत नाही, किंवा लॉकचा नाहीतर स्टॉप पिनचा टेकायचा भाग झिजलाय, किंवा तिथे कचरा बसलाय. आधी तो भाग साफ करून पाहा, कारण पुष्कळदा तेवढंच असतं. बॅक लॉकच्या, म्हणजे मुठीच्या पाठीकडची पट्टी पात्याला अडकते अशा, चाकूत थोडीशी हालचाल नव्यापासूनच असू शकते, कारण तिथे लॉकच्या पट्टीलाही स्वतःची पिन आणि तिच्याभोवती स्वतःची फट असते. पण आधी नसलेली हालचाल नव्यानं सुरू झाली असेल, वाढत असेल, किंवा पात्याच्या पाठीवर हातानं दाब दिल्यावर लॉक सरकत असेल, तर तो चाकू बाजूला ठेवायचा. असा चाकू आवळून घट्ट केलात तर फक्त डावी-उजवी हालचाल थांबते. हाताला चाकू पक्का लागतो आणि लॉक होतं तसंच राहतं. या सल्ल्याला माझी मुख्य हरकत हीच आहे.

‘काही वर्षांत ढिला होणारच.’

चाकू वर्षांनी झिजत नाही. तो कशानं झिजतो ते पाहिलं तर हे विधान उरत नाही. पिव्हटमध्ये शिरलेली वाळू आणि धूळ तेलात मिसळली की तिची पॉलिश पेस्ट होते, आणि प्रत्येक उघडझापीला ती धातू खाते. पातं दिवसभर झटक्यानं उघडत राहिलं की स्टॉप पिनवर ठोके बसतात. डबा उचकटायला, फट रुंदावायला चाकू वापरला की पिव्हटवर ज्या दिशेनं जोर यायला नको त्या दिशेनं येतो. या तिन्ही गोष्टी टाळल्या, तर साधं कापायचं काम करणारा चाकू वर्षानुवर्षं घट्ट राहू शकतो.

झीज होणार हे धरून केलेली रचनाही जुनीच आहे. चाकू बनवणारे मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला लायनर लॉकला आजचं रूप दिलं. यात मुठीच्या आतली धातूची पातळ पट्टी, म्हणजे लायनर, पात्यामागे सरकून त्याला अडवते. त्यात पात्याचा मागचा भाग जरा तिरका घासलेला असतो. लायनर झिजला की तो त्या उतारावर आणखी थोडा पुढे सरकून बसतो आणि फट भरून निघते. म्हणजे थोडी झीज झाली तरी पातं घट्टच. लायनर सरकत सरकत पार पलीकडच्या बाजूला टेकला की मात्र ही सोय संपते. तेव्हा बऱ्याच चाकूंत किंचित जाड स्टॉप पिन बसवून तो पुन्हा मागे आणता येतो. चाकू-रचनाकार अँड्र्यू डेम्को यांच्या ट्राय-अॅड लॉकमध्ये, म्हणजे बॅक लॉकच्याच एका प्रकारात, लॉकच्या पट्टीचं भोक मुद्दाम लांबट ठेवलेलं आहे, ते याच कारणासाठी.

नवा चाकू पहिल्या काही आठवड्यांत थोडा सैल होतो, हे खरं आहे. टेफ्लॉनचे वॉशर दाबाखाली हळूहळू पसरून पातळ होतात, फॉस्फर ब्राँझचे घासून गुळगुळीत होतात. एकदा स्क्रू जुळवून घेतला की प्रश्न मिटतो. पण लोक ही बसण्याची क्रिया पाहतात आणि चाकू मोडकळीला निघाला असं समजतात.

‘स्क्रू जितका घट्ट तितका चांगला.’

सायकलच्या चाकाचा कोन, म्हणजे आसावरचा गोळ्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट, ज्यानं स्वतः जुळवलाय त्याला हे समजवावं लागणार नाही: सैल ठेवला तर चाक डगडगतं, गच्च केला तर गोळ्या खराब होतात. चाकूतही गच्च आवळलेल्या बेअरिंगचे गोळे मऊ टायटॅनियमवर खड्डे पाडू शकतात, आणि मग कसंही जुळवा, पातं खडखडत फिरतं. टेफ्लॉनचे वॉशर जास्त दाबले तर आणखी लवकर पसरतात, म्हणजे घट्ट करायला गेलात आणि सैलपणाच ओढवून घेतलात. वर टॉर्क्सचं, म्हणजे स्क्रूच्या डोक्यातल्या सहा टोकांच्या खाचेचं, तोंड झिजतं ते वेगळंच.

योग्य रीत अशी. पातं डगडगत असेल तर स्क्रू अगदी थोडा, वर्तुळाच्या सोळाव्या हिश्शाएवढा फिरवा आणि हलवून पाहा. हालचाल थांबली की तिथेच थांबा. पातं अडखळायला लागलं तर तितकंच मागे या. बरोबर मापाचा टॉर्क्स पाना घ्या, पिव्हटला बहुधा टी6, टी8 किंवा टी10 लागतो. लॉकटाइट निळंच घ्यायचं, तेही स्क्रू बाहेर काढून, आटे पुसून, आट्यांवर थेंबाहून कमी. जुळवणी ते सुकायच्या आत संपवा. ते वॉशरपर्यंत वाहिलं तर पातं चिकटून बसेल. लाल लॉकटाइट लावू नका. पुढच्या वेळी स्क्रू काढायला तो तापवावा लागेल.

‘बेअरिंग ढिलं होतं, वॉशर नाही.’

दोन्ही घट्ट राहू शकतात. बेअरिंगमध्ये कचरा लवकर जाणवतो आणि साफसफाई जास्त लागते, एवढाच फरक. वाळूत, मातीत काम करणाऱ्यानं वॉशर घ्यावा हे मलाही मान्य आहे, पण कारण कचऱ्याचं आहे, ढिलेपणाचं नाही.

‘रिव्हेटचा चाकू ढिला झाला की संपला.’

बक कंपनीचा 1964 चा घडीचा चाकू, बक 110, रिव्हेटवरच उभा आहे, आणि बाजारात तो आजही आहे. ओपिनेल या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूचं तर त्या मुठीवर अवलंबून असतं. ओलावा लागला की बीच झाडाचं लाकूड फुगतं आणि पातं अडकतं, लाकूड वाळलं की पातं सैल. तिथे दोष काढण्याआधी मूठ कोरड्या जागी ठेवून दोन दिवस थांबायला हवं. साध्या स्प्रिंगच्या, म्हणजे लॉक नसलेल्या, चाकूत रिव्हेटचं डोकं लहान हातोडीनं, खाली पोलादी ठोकळा धरून, हलक्या ठोक्यांनी पसरवता येतं. दर दोन-तीन ठोक्यांनी पातं उघडून पाहायचं, कारण जास्त ठोकलं तर ते उघडणारच नाही. ज्यानं हे कधी केलेलं नाही त्यानं आधी टाकाऊ चाकूवर हात बसवावा.

पात्याचं भोकच लांबट झिजलं असेल तर ठोकून काही होत नाही. भोक पुन्हा गोल करून मोठ्या मापाची पिन घालावी लागते, आणि ते काम चाकू बनवणाऱ्याचं आहे.