सोयाबीन आपलं, खाते कोंबडी

मागच्या रविवारी आमचे साळेबुवा पुण्यावरून आले ते बर्फाच्या डब्यात एक पाकीट घेऊनच. प्लांट बेस्ड मटण म्हणे. आईनं पाकीट फोडलं, हुंगलं, एक तुकडा बोटानं दाबून पाहिला आन् म्हणाली, "काहून रे बावा, हे तं सोयाबीनची वडीच होय ना, एवढे पैसे कायचे घेतले?" मागं वाचलं तर खरंच, पहिलंच नाव सोया प्रोटीनचं. तेवढ्यात अर्धा किलो खरं मटण आलं असतं.

तरी केलं. घरचा सावजी मसाला, खसखस, भाजलेलं सुकं खोबरं, दगडफूल, तेल हात मोकळा सोडून. तर्री वर आली आणि पोट्ट्यांनी दोन-दोनदा घेतलं, कोणाले काही कळलं नाही. फक्त साळेबुवा वाटीत चमचा फिरवत शेवटी म्हणाले, "सगळं ठीक आहे भाऊ, पण नळी कुठं आहे?"

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळून राहिली आहे. काटोलले जा, उमरेडले जा, यवतमाळले जा, खरिपात सोयाबीनच सोयाबीन. २०२४ ला हमीभाव होता क्विंटलले ४,८९२ आणि नागपूरच्या कळमना बाजारात माल त्याच्याही खाली विकल्या गेला. मग हे सोयाबीन जाते मिलमध्ये, १०० किलोतून तेल निघते १८ किलोच्या आसपास आणि मागं उरते ढेप, व्यापारी तिले डीओसी म्हणतात. सगळं प्रोटीन त्या ढेपीत. आणि ती ढेप खाते कोण तर मुख्यतः ब्रॉयलर कोंबडी! खाद्यात अर्ध्याहून जास्त मका, त्याच्याखालोखाल सोयाची ढेप. एक किलो जिवंत वजन वाढवायले दीड किलोच्या वर खाद्य लागते, त्यातून पिसं, आतडी, पाय वजा करा. म्हणजे आपल्याच वावरातलं प्रोटीन आपण कोंबडीच्या पोटातून फिरवून, अर्ध्याहून जास्त सांडवून, परत विकत घेऊन राहिलो.

जगात मांस कमी खावं का हा वाद मुख्यतः बीफवरून चालतो, गाय रवंथ करते, हवा तापवणारा मिथेन वायू सोडते वगैरे, ते खरंच आहे. पण आपल्या राज्यात २०१५ पासून गोवंशाची कत्तल बंदच आहे, मग तिकडचा हिशेब जसाच्या तसा इथं कसा लावता? बकरी बी रवंथ करते, मिथेनमध्ये ती कोंबडीपेक्षा भारीच पडते, मान्य. पण ती बांधावरचा पाला खाते, माणसाचं धान्य नाही आणि खेड्यात कितीतरी बायांच्या हाती अडीनडीले पैसा येते तो बकरी विकूनच. शिवाय ८०० रुपयाच्या घरातलं मटण रोज खाते कोण? पोळ्याच्या करीले, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नाहीतर पाहुणे आले तर. रोजचं झालं आहे ते चिकन. म्हणून मी म्हणतो, सुरुवात तिथून करा. बुधवारचं चिकन सोडा, करीचं मटण राहू द्या.

प्रयोगशाळेत जनावराच्या पेशी वाढवून केलेल्या मांसाबद्दल बी वाचलं मी. २०१३ ले लंडनमध्ये पहिला बर्गर तळला तेव्हा खर्च अडीच लाख युरो, २०२० ले सिंगापूरनं विक्रीची परवानगी दिली. होईल स्वस्त तेव्हा पाहू.

आपल्याकडे सावजी हॉटेलात पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) आणि डाळकांदा कधीपासून आहे? तो काही कोणी पृथ्वी वाचवायले काढला नाही, चव आहे म्हणून टिकला. मले तर कधीकधी वाटते आपल्याले मटण आवडते की नुसती तर्री. 😅

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, सोयावडीच्या पाकिटावर १०० ग्रॅमले ५२ ग्रॅम प्रोटीन लिहून असते ते कोरड्या वडीचं. भिजली की वजन तिप्पट होते, मग हिशेब जवळपास चिकनच्याच आसपास येते. जिमवाले पोट्टे हे सांगत नाहीत. आणि उकळत्या पाण्यातून काढून दोनदा पिळा बरं, नाहीतर तो कच्चा वास रश्शात उतरते आणि घरचे पुन्हा ताटाले हात लावत नाहीत.

या बुधवारी आईनं कोपऱ्यावरच्या किराण्यातून सुट्ट्या वड्या आणल्या, मसाला तोच. मी साळेबुवांले रश्शाच्या पातेल्याचा फोटो पाठवला. दोन मिनिटात उत्तर आलं.

"नळी?"