निळा, कांस्य आणि सासूबाई

ज्या शाळेचा मफलर मी विणायला घेतला, ती हॅरी पॉटरची जादूची शाळा हॉगवर्ट्स स्कॉटलंडच्या डोंगरांत आहे. दगडी किल्ला, बाहेर तळं, झाडूवर बसून खेळायच्या क्विडिचचे सामने उघड्यावर. तिथे गळ्याला लोकर हवीच. मी मात्र तो मफलर डोंबिवलीत विणत होते, आणि तोही मे महिन्यात. पंखा लावला की लोकरीचे तंतू उडून वरणात पडायचे, बंद केला की मांडीवर घामाची धार. हॅरी पॉटरच्या सातही पुस्तकांत मंत्रांचा सुकाळ आहे, पण मांडीवरचा मफलर गार ठेवणारा एकही मला सापडला नाही.

भाचीला एडिंबरात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. "मावशी, रेव्हनक्लॉचा मफलर तूच विणून दे. तिथे दुकानात मिळतो गं, पण तो काय, सगळ्यांकडे असतो." लहानपणी तिला ती पुस्तकं मीच वाचून दाखवली होती. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

रेव्हनक्लॉ म्हणजे हॉगवर्ट्सच्या चार घराण्यांपैकी एक; त्याचे रंग निळा आणि कांस्य. निळ्याचं सोपं होतं. दुकानदाराने "चिंतामणी, मोरपंखी की नेव्ही?" एवढंच विचारलं. कांस्य म्हटल्यावर मात्र त्याने मोहरी काढली, मग बिस्किटी, मग खाकी. "ऑलिम्पिकमध्ये तिसऱ्याला देतात ना, तो रंग," मी म्हटलं. त्याने पुन्हा मोहरीच पुढे केली. घरी हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, काशाची वाटी ने की!" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पिशवीत वाटी घालून माझ्याबरोबर आल्या. ज्या वाटीने त्या दर उन्हाळ्यात तळपायांना तूप चोळतात, ती त्यांनी गल्ल्यावर ठेवली. दुकानदाराने वाटी उजेडात धरली, लोकरीच्या गुंड्या एकेक करून शेजारी लावल्या, आणि तळातल्या खोक्यातून नेमका तो रंग निघाला. "सगळ्या एकाच लॉटच्या आहेत का बघ," सासूबाईंनी मला बजावलं. लॉट बदलला की छटा बदलते, आणि मग मफलरच्या मध्यावर रेव्हनक्लॉचं भलतंच काहीतरी होतं.

पट्ट्यापट्ट्यांच्या मफलरची खरी मेख रंगात नसते, शेपट्यांत असते. प्रत्येक पट्टा संपताना जुन्या रंगाची एक शेपटी सोडतो, नवा सुरू होताना दुसरी. सहा फुटांत किती पट्टे येतात याचा हिशोब करावा आणि मग त्या सगळ्या शेपट्या सुईत ओवून जिरवाव्यात. बरं, एक ओळ सुलट आणि एक उलट असं सपाट विणलं तर कडा वळून मफलरची सुरळी होते. सगळंच सुलट विणलं तर कडा सरळ राहतात, पण रंग बदलतो तिथे एका बाजूला ठिपके उमटतात. यावर उपाय एकच, वायरच्या सुईवर गोल विणायचं. नळी तयार होते, दोन्हीकडून चांगलीच बाजू दिसते, शेपट्या गाठ मारून नळीच्या पोटात. लोकर दुप्पट लागते, वेळही दुप्पट. पण जिरवाजिरवी नाही.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. त्यांच्या काळी विणकाम उलट्या बाजूने तपासायचे, आणि इथे उलटी बाजू कायमची झाकलेली! एकदा दुपारी मी उठून पाहते तर त्यांनी नळीत खांद्यापर्यंत हात घातला होता आणि डोळे मिटून आतल्या गाठी चाचपत होत्या. "तिसरी सैल आहे," त्या म्हणाल्या. म्हैस तपासायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरची मुद्रा होती ती.

विणकाम पुढे सरकत होतं ते लोकलमध्ये. लेडीज डब्यात मटार सोलतात, मेथी निवडतात, तिथे विणणारीला कुणी काही म्हणत नाही. म्हणजे अडवत नाही, बोलतात भरपूर. नळी पाहून पहिला प्रश्न, "दुसरा पाय कधी सुरू करणार?" आठवडाभर सगळ्या मला मुलाची पँट विणणारी बाई समजत होत्या. मग एका कॉलेजच्या मुलीने दारातूनच "रेव्हनक्लॉ!" अशी आरोळी ठोकली आणि डब्यात ज्याचं त्याचं घराणं विचारायला सुरुवात झाली. ठाकुर्लीच्या एक ताई जरा वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या मुलाने ती घराणं सांगणारी ऑनलाइन चाचणी दिली. स्लिदरिन निघाला. घरात कुणाला सांगितलं नाही अजून."

स्लिदरिन म्हणजे पुस्तकातल्या खलनायकांचं घराणं. डबा हळहळला. "बदलतात हो मोठेपणी," कुणीतरी धीर दिला. मी म्हटलं, "अहो, जादूगारांचा जादूगार, प्रत्यक्ष मर्लिन स्लिदरिनचा होता."

"हो का? कुठे असतो तो आता?" त्यांनी आशेने विचारलं.

विणणाऱ्यांची त्या पुस्तकांत मात्र काही धडगत नाही. पाचव्या पुस्तकात हॅरीची मैत्रीण हर्मायनी शाळेत राबणाऱ्या घरगुती एल्फांना मुक्त करायला टोप्या विणते (मालकाने कपडा दिला की एल्फ सुटतो) आणि स्वतःच कबूल करते की जादूशिवाय आपला हात फार हळू चालतो. शाळेत परतल्यावर ती सुयांवर छडी फिरवते, सुया आपापल्या विणत सुटतात. दरवर्षी वर्गात पहिली येणारी मुलगी जिथे हात टेकते, तिथे कळव्यापासून उभ्याने विणणाऱ्या बाईने काय करावं? वर त्या टोप्या एल्फांना नकोच असतात. डॉबी नावाचा एकटा एल्फ सगळ्या उचलतो आणि एकावर एक डोक्यावर चढवतो. त्यापेक्षा हॅरीच्या मित्राची, रॉनची आई मिसेस वीझली शहाण्या. रॉनला मरून आवडत नाही, तरी दर नाताळला त्याला मरूनच स्वेटर. रंग विचारायचाच नाही!

कारण विचारला की काय होतं ते जुलैत कळलं. मफलर अर्ध्याच्या पुढे गेला होता आणि भाचीचा फोन आला. "मावशी, कांस्य नको, राखाडी कर ना. सिनेमात तसाच आहे." सिनेमावाल्यांनी कांस्य काढून रुपेरी आणला, हे खरंच आहे. पण मागणी तिथे थांबली नाही. पहिल्या दोन सिनेमांत रुंद पट्टे होते. 2004 सालच्या तिसऱ्यापासून गडद रंगावर बारीक पट्ट्यांच्या जोड्या आल्या, आणि बाईसाहेबांना त्या जोड्या हव्या होत्या. बारीक पट्टे म्हणजे आणखी शेपट्या. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला. "पुस्तकात काय लिहिलंय?"

"कांस्य, आजी."

"मग? वाटी घेऊन गेले होते मी." आणि फोन ठेवला.

सप्टेंबरात मफलर एडिंबराला पोचला. तिथे पहिल्याच आठवड्यात एकाने भाचीला विचारलं, हा कुठल्या फुटबॉल संघाचा? चूक त्याचीही नव्हती. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या मफलरवर पट्टे उभे असतात, लांबीच्या दिशेने; आडवे पट्टे घालतात ते फुटबॉलचे भक्त. भाचीने त्याला रेव्हनक्लॉ समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पण तो तर राखाडी असतो ना?" तिने त्याला पुस्तकातला उतारा काढून दाखवला. तेव्हापासून ती कट्टर कांस्यवाली झाली आहे आणि जुलैतला फोन आपण केलाच नव्हता असं सांगते.

आता तिच्या मैत्रिणीला मफलर हवाय. हा वेगळ्या विश्वातला, 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या चौथ्या डॉक्टरचा, ती भूमिका करणाऱ्या टॉम बेकरने 1974 पासून घातलेला. सात रंग, आणि गळ्याला वेढे घालूनही जमिनीवर लोळणारा. तो इतका लांब झाला त्याची गोष्ट मी सासूबाईंना सांगितली. वेशभूषाकार जेम्स अचेसनने बिगोनिया पोप नावाच्या बाईंकडे ढीगभर लोकर दिली, रंग हवे तसे निवडता यावेत म्हणून. कुठे थांबायचं ते सांगायचं राहिलं. बाईंनी सगळी लोकर संपवली.

"मग बरोबरच केलं की," सासूबाई म्हणाल्या. "उरवून काय करायचं होतं?" आणि माळ्यावरची ट्रंक काढायला त्यांनी माझ्या नवऱ्याला शिडीवर चढवलं.