प्रयोगशाळा बांधताय? थोडं ऐका

संस्थेच्या बैठकीत नव्या विज्ञान प्रयोगशाळेचा ठराव मंजूर झाला, याबद्दल तुमचं अभिनंदन. आता पहिलं काम एकच. विज्ञानाच्या शिक्षकांच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नका. ही माणसं भाबडी असतात. नळ कुठे, बर्नर किती, उजेड कुठून येणार, असल्या किरकोळ चौकशा करत बसतात आणि कोनशिलेचा विषय मागे पडतो. कोनशिला आधी. दगड कोणता, अक्षरं सोनेरी की पांढरी, प्रमुख पाहुण्यांचं नाव अध्यक्षांच्या वर की खाली, यावर दोन-तीन बैठका सहज जातील. जाऊ द्या. शिलेवरचं नाव एकदा कोरलं की पुसता येत नाही; नळ काय, नंतरही जोडता येतो.

मग जागा. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावरची, जिन्यापासून लांबची निवडा. वर पाणी चढत नाही, आणि पाणी नसलं की निम्मे प्रयोग आपोआप रद्द होतात. सीबीएसईची मान्यता हवी असेल तर प्रयोगशाळा किमान ६०० चौरस फुटांची लागते. तो आकडा तपासणीच्या दिवशी टेप धरून दाखवायचा असतो. कपाटं, ओटे, सांगाडा आणि संस्थापकांचा अर्धपुतळा बसवल्यावर मुलांना उभं राहायला किती जागा उरली, हे मोजायला कुणी थांबत नाही. तोवर खाली उपमा तयार असतो.

खिडक्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढण्याचा एक सोपा प्रयोग आहे. खिडकीतून लांबचं झाड दिसलं पाहिजे. भिंग पुढे-मागे करून त्या झाडाची स्पष्ट प्रतिमा समोरच्या पडद्यावर घ्यायची आणि भिंगापासून पडद्याचं अंतर मोजायचं. पाच मिनिटांचा खेळ, खर्च जवळपास शून्य. तर अशा खिडकीसमोरचं झाड आधी तोडा. पार्किंगला जागा होईल. मोकळ्या झालेल्या कुंपणावर देणगीदार साहेबांचा वाढदिवसाचा फ्लेक्स छान दिसेल. मात्र मग भिंग कुलपात ठेवा. कारण बहिर्गोल भिंगातून पडद्यावर पडणारी प्रतिमा उलटी असते, आणि साहेब भिंतीवर डोकं खाली पाय वर करून हात जोडताना दिसले तर पुढच्या इमारतीची देणगी गेलीच म्हणून समजा.

ओट्याचं काम ज्याने अध्यक्षांच्या बंगल्यातलं स्वयंपाकघर केलं त्याच कंत्राटदाराला द्या. माणूस खात्रीचा आहे. तो पांढरा संगमरवर सुचवेल, कारण बंगल्यातला उरलेला आहे. लगेच हो म्हणा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब सांडले की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तुमच्या प्रयोगशाळेत वर्षभरात निदान एक रासायनिक अभिक्रिया खरोखर घडते. कुणी म्हणेल, कडप्पा घाला, स्वस्त पडेल. कडप्पाही मुळात चुनखडकच. आम्ल पडलं की त्यावरही डाग उठणार, तेव्हा हरकत नाही. ग्रॅनाइट मात्र टाळा. त्यावर सौम्य आम्लाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणजे मुलांना शिकण्यासारखं त्यात काही उरत नाही.

ओटा भिंतीला लागून घ्या. मुलं भिंतीकडे तोंड करून उभी, सर त्यांच्या पाठीशी. कोण काय ओततंय ते कुणालाच दिसत नाही आणि सगळ्यांनाच शांतता लाभते. उंची मोठ्या माणसाच्या कमरेची ठेवा. सहावीतल्या मुलीच्या छातीशी ओटा आला, तर चंचुपात्रातलं उकळतं पाणी तिच्या बरोबर नजरेसमोर राहतं. निरीक्षण नीट होतं.

वर छताचे पंखे हवेतच. सहा लावा. पंखा सुरू केला की स्पिरिटचा दिवा विझतो, आणि दिवा पेटवायचा तर पंखा बंद करावा लागतो. एप्रिलच्या दुपारी साठ मुलं, पंखे बंद, आठ दिवे पेटलेले, ही परीक्षा कुठल्याच शिक्षकाला दोनदा द्यावीशी वाटत नाही. पुढच्या वेळी ते स्वतःहून फळ्यावर आकृती काढतात. हवा बाहेर फेकणारा पंखा अगदी छताजवळ बसवा, तिथेच तो शोभतो. एलपीजी हवेपेक्षा जड. क्लोरीनही जड. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडसुद्धा हवेपेक्षा जडच. गळती झाली की हे वायू खाली, जमिनीलगत पसरणार, आणि तुमचा पंखा वरची स्वच्छ हवा नेमाने बाहेर टाकत राहणार. कुणाच्या कामात कुणाची ढवळाढवळ नाही.

आता खरेदी. तीन कोटेशनं मागवायचा नियम आहे, तो पाळा. तिन्ही कोटेशनं एकाच माणसाकडून मागवली तर तारखा जुळवायला सोपं जातं. पुरवठादाराकडे छापील यादी असतेच. तिच्यातली प्रत्येक वस्तू एकेक घ्या. पंधरा साधे लंबक, पंधरा भिंगं, पंधरा संच विद्युतघट-तारा-बल्बांचे, असली भिकार खरेदी करून कपाट भरल्यासारखं दिसत नाही. त्यापेक्षा एक व्हॅन डी ग्राफ जनित्र, एक वायुपंप, एक मोठा चकचकीत सूक्ष्मदर्शक. हिशेबच करा ना. तासिका पस्तीस मिनिटांची, वर्गात साठ मुलं, सूक्ष्मदर्शक एक. प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद आले, तेही हजेरी न घेता. त्यातले दहा सेकंद एक डोळा मिटायला, दहा कुठल्या डोळ्याने बघायचं हे ठरवायला. उरलेल्या पंधरात मुलाला भिंगात स्वतःच्याच पापण्या दिसतात. कांद्याच्या पेशी म्हणून तो त्या वहीत काढतो आणि सर त्याला ‘बरोबर’ अशी खूण देतात.

रसायनं अकारविल्हे लावा. शिस्त दिसते, आणि तपासणीला आलेल्या साहेबांना शिस्त फार आवडते. एरवी आम्लं वेगळी, ज्वालाग्राही पदार्थ वेगळे, ऑक्सिडीकारकं वेगळी, अशी भानगड असते. अकारविल्ह्यात हे सगळं सुटतं. सल्फ्युरिक आम्ल आणि सोडियम दोघंही ‘स’च्या फळीवर शेजारी-शेजारी येतात. सोडियम रॉकेलखाली बुडवून ठेवतात, कारण त्याचं पाण्याशीही पटत नाही. आम्लाशी किती पटेल ते सांगायला नको. तशातून आग लागलीच तर लाल बादली आहे. तीत वाळू असायची. असायची म्हणजे भरली होती. वरच्या थरात आता शिपाईमामांनी विझवलेल्या विड्या आहेत. प्रथमोपचार पेटी कुलूपबंद ठेवा, नाहीतर मुलं कापूस नेतात. दार एकच, आणि आत उघडणारं. बाहेर उघडलं तर व्हरांड्यातल्या शारदादेवीच्या फोटोला लागेल.

हे झालं जुन्या पद्धतीचं. आता दिवस आधुनिक आहेत. केंद्राच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली. अनुदान वीस लाखांपर्यंत, त्यातले दहा उभारणीला आणि दहा पाच वर्षं चालवायला. सहावी ते बारावीच्या मुलांनी तिथे हाताने काही करून बघावं, मोडावं, परत जोडावं, अशी कल्पना आहे. कल्पना उत्तमच; म्हणून तर ती काळजीपूर्वक हाताळायला हवी. थ्रीडी प्रिंटर आला की पहिल्या दिवशी त्यातून संस्थेच्या बोधचिन्हाची किल्ली-साखळी काढा आणि पाहुण्यांना द्या. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर घाला. यंत्र नवंच्या नवं राहिलं पाहिजे. रोबोट मात्र एक बाहेर असू द्या, स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलनाला काडी घेऊन येतो. (आला नाही तर मागून आठवीतला एक मुलगा ढकलतो. तो त्या लॅबमधला सर्वांत हुशार विद्यार्थी.)

उद्घाटन २८ फेब्रुवारीलाच करा. १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात, कारण १९२८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम शोधला. दोन वर्षांनी नोबेल मिळालं. भाषणात हे जरूर सांगा. फक्त त्यांचं उपकरण काही शे रुपयांचंच होतं, हे सांगू नका. समोर लाखांच्या बिलावर सही केलेले खजिनदार बसलेले असतात. त्या दिवशी मुलींना विज्ञान-रांगोळी काढायला बसवा. अणूची रांगोळी सुंदर येते. मुलं खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी करतील. तो दरवर्षी करतात, आणि दरवर्षी पाहुणे दचकतात.

राहता राहिली प्रात्यक्षिक परीक्षा. दहावीला विज्ञानाच्या शंभरांपैकी वीस गुण प्रात्यक्षिकाचे, बारावीला प्रत्येक विज्ञान विषयात तीस. हे गुण मुलांच्या हक्काचे आहेत, आणि हक्काच्या गोष्टीसाठी कष्ट करायला लावणं बरं नाही. मागच्या वर्षीच्या पहिल्या आलेल्या मुलीची प्रयोगवही झेरॉक्सच्या दुकानात ठेवून द्या. पुढचं आपोआप होतं. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरण सगळ्यांचं नेमकं ९.८१ येईल. मुंबई-पुण्याकडे लंबक खरोखर टांगून नीट मोजलं तर ते ९.७९च्या आसपास भरतं, ९.८१ हे पॅरिस-लंडनकडचं. म्हणजे आपला विद्यार्थी कोरेगावात बसून, दोरा न बांधता, युरोपचं गुरुत्वाकर्षण काढून दाखवतो. याहून मोठा प्रयोग कोणता? कुणा एखाद्याने खरंच वीस आंदोलनं मोजून ९.६ काढलं, तर त्याला बाजूला घ्या, प्रेमाने समजवा आणि ‘आपलं उत्तर चुकलंय बाळा, खोडून बरोबरचं लिही’ असं सांगा. चूक कुठे झाली असेल, दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली का, आंदोलन फार मोठं दिलं का, या वाटेला त्याला जाऊ देऊ नका. तिकडे गेलेली मुलं नंतर सगळ्याच गोष्टी तपासून बघायला लागतात.

बारावीच्या क्षार-ओळखीला शिपाईमामा आहेतच. ते ओट्यांमधून पाण्याची बादली घेऊन फिरताना ‘तुझं कॉपर, तुझं अमोनियम’ असं पुटपुटत जातात. बहिस्थ परीक्षक तेव्हा हेडसरांच्या केबिनमध्ये मसालाडोसा खात असतात. तिथे चटणी कमी पडणार नाही हे बघणं संस्थेचं काम.

एवढं नीट पार पडलं की जून उजाडतो आणि एखादी नवी बाई नोकरीला लागते. एमएस्सी, बीएड, डोळ्यांत चमक. ‘सर, मी सातवीला रोज प्रयोगशाळेत घेऊन जाऊ का?’ असं ती विचारते. घाबरू नका. नाही म्हणू नका, चिडू नका, मतदारयादीच्या कामालाही लगेच लावू नका. ते शस्त्र नंतरसाठी राखून ठेवा. तिला बसवा, चहा द्या, म्हणा, ‘जरूर, बाई! तुम्हीच घ्या प्रयोगशाळेचा चार्ज.’

आणि डेडस्टॉक रजिस्टर पुढे करा.

जाड, लाल कापडी बांधणीचं, कोपरे झिजलेलं ते पुस्तक तिला पहिल्या पानापासून वाचू द्या. परीक्षानळ्या ३४०. पैकी फुटक्या ११२, निर्लेखनाचा प्रस्ताव प्रलंबित. थर्मामीटर १८, प्रत्यक्षात ५. ब्युरेट २४, तोट्या नाहीत. जे भरत नाही ते चार्ज घेणाऱ्याच्या नावावर, आणि जे यापुढे फुटेल ते तिच्या पगारातून, हे सांगायचं काम आपण करायचं नाही. जुने लेखनिक भाऊसाहेब आहेत, ते शेजारच्या टेबलावरून मान वर न करता हळूच सांगतात, तिच्या आधीच्या सरांचा निवृत्तीचा हिशेब एका तराजूपायी कसा अडकला होता ते. बाई सही करतील. सुरुवातीचे काही दिवस मुलांना वर नेतील. मग एका मुलाच्या हातून शंकुपात्र निसटेल. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बाजारातून कुलूप आणतील, सात लिव्हरचं, आणि पावती रीतसर तुमच्याकडे देतील.