नेम

रात्री साडेअकराला झुरळ छतावर होतं, बरोबर माझ्या उशीच्या वर. जमिनीवरच्या झुरळाला चप्पल आहे. छतावरच्याला काय करायचं? स्टुलावर चढून फटका मारला तर ते आपल्याच तोंडावर पडणार, हा हिशेब मी आणि झुरळ दोघांनीही करून ठेवला होता.

"बाबा, पाणी मार ना," मुलगी म्हणाली. "तिरंदाज मासा तसंच करतो."

मग मासेपुराण सुरू झालं. हा मासा खारफुटीच्या मचूळ पाण्यात राहतो. त्याच्या टाळूला खाच असते. तिला खालून जीभ लावली की नळी तयार. कल्ल्यांची झाकणं खटकन मिटली की पाण्याची पिचकारी सुटते आणि मीटरभर उंचीच्या पानावरचा किडा टपकन खाली. एवढासा वीतभर मासा!

मी इस्त्रीची फवारणीची बाटली आणली, तोंड फिरवून 'धार'वर केलं आणि नेम धरला.

पहिली धार पंख्यावर गेली. दुसरी ट्यूबलाइटपाशी. तिसरी अर्ध्या वाटेत दमली आणि माझ्याच चष्म्यावर परतली.

"माशाची धार अशी दमत नाही," मुलगी म्हणाली. मासा पिचकारी मारताना तोंडाची उघडझाप अशी करतो की मागून सुटलेलं पाणी पुढच्यापेक्षा जोरात जातं, त्याला गाठतं आणि किड्यावर आदळायच्या ऐन वेळी सगळ्याचा एक गोळा होतो. माझ्या बाटलीत पुढचं पाणी पुढे गेलं होतं आणि मागचं माझ्या बाहीत.

"चष्म्यामुळे होतंय," मी म्हणालो.

हे बोलायला नको होतं. कारण माशाचे डोळे पाण्यात असतात आणि किडा हवेत. पाण्यातून पाहताना वस्तू असते तिथे दिसत नाही, हे आपण शाळेत पेल्यातल्या वाकड्या पेन्सिलीवरून शिकलो आणि विसरलो. मासा ती फसगत धरून नेम लावतो. चष्म्याची सबब त्याला कुणी दिलीच नाही.

माणसाचा मात्र या बाबतीत इतिहासच चुकण्याचा आहे. 1764 साली बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, या माशाची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेकडे पोचली. सोबत नमुन्याचा मासाही होता. तो भलताच निघाला. त्यामुळे चौथी धार भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोला लागली, तेव्हा मी एका जुन्या परंपरेतच होतो.

"अहो, पुरे," बायको म्हणाली. "झुरळ सोडून सगळं धुऊन झालं."

पाचवी लागली! कशी, ते विचारू नका. झुरळ सुटलं.

किडा घरंगळायला लागला की साधारण दशांश सेकंदात माशाला कळतं तो पाण्यात कुठे पडणार, आणि तो थेट तिकडे सुटतो. उशीर केला तर कळपातला दुसराच येऊन गिळतो. आमच्या कळपात असला अप्पलपोटेपणा नाही. शिकार सुटताच मुलगी स्वयंपाकघरात, बायको गॅलरीत आणि मी स्टुलावर. त्यामुळे ते नेमकं कुठे पडलं हे एकानेही पाहिलं नाही.

गादी झटकली, उशा उलट्या केल्या. नाही.

पहाटे तीनला आम्ही तिघं दिवा लावून, पाय वर घेऊन सोफ्यावर बसलो होतो. नवखे तिरंदाज मासे म्हणे सरावलेल्यांचं पाहून पाहून नेम शिकतात. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी बाटली हळूच पाठीमागे सरकवली.