पिल्लू माती खातंय म्हणून कॅल्शियमची बाटली? आधी हिरड्या बघा

कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा: पिल्लू माती खातं म्हणजे त्याला कॅल्शियम कमी पडतंय. त्याला कॅल्शियमचं टॉनिक सुरू करा, रोज वाटीभर दूध द्या, जमल्यास गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दह्यात कालवून द्या. जंताचं औषध एकदा दिलेलं असेल तर जंतांची काळजी नको. थोडी माती पोटात गेली तर उलट प्रतिकारशक्ती वाढते. तरी सवय मोडायचीच असेल तर मातीवर तिखट भुरभुरा, कुंडीत डांबरगोळ्या ठेवा. आणि फारच खाल्ली तर मीठपाणी पाजून उलटी करवा. शेवटी अर्थातच ‘पुढे पाठवा, एखाद्या मुक्या जिवाचे प्राण वाचतील’. यातल्या निदान दोन सूचनांनी प्राण जाऊ शकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

माती खाणं म्हणजे कॅल्शियमची कमतरता

बहुतेक वेळा हे निव्वळ वय असतं. पिल्लाला हात नाहीत, त्यामुळे समोर येईल ते तोंडात धरून बघायचं हीच त्याची रीत. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात त्याला दुधाचे २८ दात येतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असतात, मग चप्पल, टेबलाचा पाय, ढेकूळ, काहीही चालतं. दिवसभर बाल्कनीत एकटं सोडलेल्या पिल्लाला तर कुंडीखेरीज दुसरा उद्योगच नसतो.

दुसरं कारण नाकाचं. कुंडीत हाडांचा चुरा घातलेला असतो, वाफ्यात कोंबडीखत असतं. कोकणात मासे धुतलेलं पाणी माडाच्या बुंध्याशी ओततात. तिथे उकरणाऱ्या पिल्लाला माती नकोच असते, त्याला बांगडा हवा असतो! म्हणून आधी दोन दिवस नुसतं बघा. एकाच जागची माती खात असेल तर त्या जागेत काहीतरी आहे. माती, खडे, भिंतीचे पोपडे, कापूस असं दिसेल ते गिळत असेल, तर मात्र तपासणी हवी.

कॅल्शियमचा दावा अगदीच हवेतला नाही, हे मान्य. पिल्लाला फक्त बोनलेस चिकन आणि भात, किंवा फक्त दूध-पोळी घालणारी घरं भरपूर आहेत. मांसात फॉस्फरस बराच आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. असं पिल्लू लंगडतं, त्याचे पाय वाकतात, लहानशा उडीत हाड मोडतं. ते माती खाईलही. पण तिथे चूक ताटातली आहे, आणि ताट बदलूनच ती सुटते. पशुवैद्याकडून आहार ठरवून घ्यायचा, दुकानदाराकडून बाटली नव्हे.

आता जे पिल्लू पिल्लांसाठीचं पूर्ण आहाराचं तयार खाद्य खातंय त्याचा विचार करा. त्या खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलंच असतं. त्यावर टॉनिक ओतलं की ते निरुपद्रवी जास्तीचं राहत नाही. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही. गरज असो-नसो, त्याचा बराच भाग रक्तात जातो. नेदरलंड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन पाहिलं गेलं, तेव्हा त्यांच्या हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडली. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींची पिल्लं नेमकी याच धोक्यातली, आणि ‘हाड मजबूत व्हावं’ म्हणून सर्वांत जास्त बाटल्या त्यांच्याच नशिबी येतात. घरातलं मूल पाटीवरची पेन्सिल खाताना दिसलं की आजी जे निदान करते तेच इथे कुत्र्याला चिकटवलंय, दुसरं काही नाही.

शिवाय कॅल्शियमच्या नादात खरी शंका घ्यायची राहून जाते, ती रक्त कमी असण्याची. पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबल्यावर पांढरी पडून दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. आपल्या बऱ्याच देशी पिल्लांच्या हिरड्या काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. फिकट दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. पोटातले अंकुशकृमी, अंगावरच्या पिसवा आणि गोचिडी पिल्लाचं रक्त पितात. गोचिडी वर तापही देतात. अशा पिल्लाला कॅल्शियम देत बसलात तर आठवडा वाया जातो, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाकडे तेवढा आठवडा नसतो.

दूध आणि चुना

आईचं दूध सुटल्यावर दूध पचवण्याची ताकद कमी होत जाते. वाटीभर गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. मग ‘मातीमुळे पोट बिघडलं’ असं म्हणायला आपण मोकळे. चुना तर तीव्र अल्कली आहे. तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते. गव्हाचा दाणा कुणाच्या चिमटीतला, हेही मजकुरात नाही.

जंताचं औषध एकदा दिलंय, आता चिंता नको

हा मुद्दा लोकांना सर्वांत पटतो, म्हणून जरा सविस्तर. गोलकृमींच्या अळ्या आईच्या पोटातच पिल्लात शिरतात. अंकुशकृमींच्या अळ्या दुधातून येतात. म्हणजे एकदाही मातीला तोंड न लावलेल्या पिल्लाला जंत असू शकतात. नेहमीचं औषध मुख्यतः आतड्यातले जंत मारतं. शरीरात इतरत्र फिरणाऱ्या अळ्या त्यातून वाचतात आणि काही आठवड्यांत आतड्यात येऊन मोठ्या होतात. म्हणूनच औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठव्या आठवड्यानंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, असं दिलं जातं, आणि दर वेळी वजन करून. पिल्लाचं वजन झपाट्याने वाढतं, मागच्या वेळचा डोस पुरत नाही. शंका असेल तर ताजी शी डबीत घालून तपासायला न्या. आणि सोसायटीच्या बागेतली शी त्याच दिवशी उचला. त्यातली गोलकृमींची अंडी काही आठवड्यांनी लागण करण्याजोगी होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्याच मातीत मुलं खेळतात.

मातीने प्रतिकारशक्ती वाढते

कुठल्या मातीने? पार्वो या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत त्याच्या लसी पूर्ण होत नाहीत. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू चिखलात उतरतात. प्रतिकारशक्ती लसीने येऊ द्या.

त्याहून मला भीती वाटते ती आपण स्वतः मातीत काय कालवतो त्याची. नर्सरीतून ‘सेंद्रिय’ म्हणून एरंडीची पेंड आणतो. तिचा वास कुत्र्यांना आवडतो आणि तिच्यात रिसीन नावाचं जहाल विष असू शकतं. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी थरथर आणि झटके येतात. दाणेदार कीटकनाशकांचंही तेच. पिल्लू घरी येण्याआधी माळ्याला विचारा, कुठल्या कुंडीत काय घातलंय.

तिखट आणि डांबरगोळ्या

तिखटाने पिल्लाचं नाक-डोळे झोंबतात आणि ते शेजारच्या कुंडीकडे वळतं. डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीन कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतं. जे पिल्लू माती गिळतंय ते गोळी सोडेल अशी आशा कशाच्या जोरावर? फटके मारूनही उलटाच धडा मिळतो: माणूस आला की पटकन गिळायचं.

उपयोगी पडतं ते कंटाळवाणं काम आहे. कुंड्या वर टांगा, नाहीतर त्यांवर जाळी बसवा. दगड ठेवायचे तर पिल्लाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे. बागेत पट्टा जवळ धरा. तोंडात माती दिसली की ओरडत मागे धावू नका, त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. त्यापेक्षा ‘सोड’ शिकवा, आणि तेही घरात, जुन्या मोज्यावर: तोंडात मोजा असताना नाकाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा, मोजा सुटला की ‘सोड’ म्हणून तुकडा द्यायचा. हे पक्कं झाल्यावरच बागेत अपेक्षा करायची. दात येत असताना ओला फडका पिळून, फ्रीझरमध्ये गोठवून चावायला द्या, समोर बसून. जेवणातला थोडा भाग वाडग्यात न घालता गोणपाटावर विखरून हुंगत शोधायला लावा. नाक दमलं की पिल्लू झोपतं. दात येऊन झाल्यावर बऱ्याच पिल्लांचा हा नाद सुटतो. एक-दोन वर्षांच्या कुत्र्याने एकाएकी माती खायला सुरुवात केली, तर मात्र ते वय नव्हे, आजार समजून चाला.

मीठपाणी पाजून उलटी करवा

हे मुळीच करू नका. मिठाने रक्तातलं सोडियम एकदम चढतं, झटके येतात, लहान पिल्लू दगावू शकतं. साध्या मातीचा एखादा घास बहुधा शीतून निघून जातो. पण वारंवार उलट्या, टणक पोट, शी न होणं किंवा सुस्ती यांतलं काही दिसलं, तर माती किंवा खडे आतड्यात अडकले असतील. एक्स-रे काढावा लागतो. पेंड, गोळ्या किंवा कीटकनाशक पोटात गेल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा. उलटी करवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. जाताना खताचं किंवा औषधाचं पाकीट बरोबर न्या, फाटलेलं असलं तरी, कारण उपचार त्यावर छापलेल्या नावावरून ठरतो.