माशांचा नायट्रोजन आणि सांडपाण्याचा नायट्रोजन: एका आक्षेपाला उत्तर

अतिमासेमारीमुळे माशांकडून प्रवाळभित्तींना मिळणारी पोषकद्रव्ये घटतात आणि भित्तींचे नुकसान होते, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावरील सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. सांडपाणी आणि खतांमधील पोषकद्रव्ये प्रवाळभित्तींना मारक असतील, तर अतिमासेमारीने पोषकद्रव्ये घटल्यावर भित्तीचे भलेच व्हायला हवे, असे आपले म्हणणे आहे. शिवाय मोठे मासे संपले तरी लहान मासे उरतात आणि वजनाच्या मानाने तेच अधिक उत्सर्जन करतात, याकडेही आपण लक्ष वेधले आहे. यातील दुसरे विधान अचूक आहे. पहिल्यात दाखवलेल्या विसंगतीचा दोष माझ्याकडे येतो, कारण ‘पोषकद्रव्ये’ हा शब्द मी दोन निराळ्या गोष्टींसाठी सरसकट वापरला.

मासे नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियमच्या रूपात सोडतात आणि त्यांच्या उत्सर्जनातून फॉस्फरसही मिळतो. शेतांतून वाहून येणारा नायट्रोजन मात्र बहुतांशी नायट्रेटच्या रूपात असतो. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सहजीवी शैवालाला अमोनियम थेट वापरता येते, तर नायट्रेटचे आधी क्षपण (म्हणजे अमोनियममध्ये रासायनिक रूपांतर) करावे लागते आणि त्यात ऊर्जा खर्ची पडते. त्यातही नायट्रोजन मुबलक आणि फॉस्फरसचा तुटवडा अशी स्थिती आली, तर उष्णता व प्रखर प्रकाश यांपुढे प्रवाळ हे शैवाल गमावून लवकर पांढरे पडतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे.

रूपाइतकेच महत्त्व जागेलाही आहे. ग्रंट जातीचे मासे रात्री समुद्रगवतात भक्ष्य शोधतात आणि दिवसा प्रवाळांच्या आसऱ्याला थव्याने थांबतात, म्हणजे बाहेरचे अन्न पचवून त्यातील पोषकद्रव्ये नेमकी प्रवाळांवर आणून सोडतात. कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटाजवळच्या ज्या प्रवाळांवर असे थवे होते, ते थवे नसलेल्या प्रवाळांपेक्षा वेगाने वाढल्याचे मेयर, शुल्ट्झ आणि हेल्फमन या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले. सांडपाण्याला असा नेमकेपणा नसतो, आणि शेवाळ खाणारे पोपटमासेही पकडले गेले असतील तर त्या पाण्याचा लाभ प्रवाळाऐवजी शेवाळालाच होतो.

आता लहान माशांविषयी. दर ग्रॅममागे त्यांचे उत्सर्जन अधिक असले, तरी ग्रॅमच उरले नाहीत तर एकूण पुरवठा घटणारच. कॅरिबियन भित्तींविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मासेमारीच्या दाबामुळे माशांची पोषकद्रव्ये साठवण्याची व पुरवण्याची क्षमता जवळजवळ निम्म्याने घटते, आणि तीही प्रजातींच्या संख्येत फारसा फरक न पडता. (ही घट गणिती प्रतिमानावरून काढलेला अंदाज आहे, प्रत्यक्ष पाण्यात केलेले मोजमाप नव्हे; तेही मी मूळ लेखात सांगायला हवे होते.) साठवण हा शब्द येथे जपून वाचावा. माशांच्या हाडांत बराच फॉस्फरस असतो आणि जाळ्यातून गेलेल्या माशाबरोबर तो भित्तीवरून कायमचा जातो.

त्यामुळे आपला निष्कर्ष मला मान्य नाही. मात्र मूळ लेखातील ‘पोषकद्रव्ये’ हा शब्द जेथे संदिग्ध होता, तेथे अमोनियम, नायट्रेट आणि फॉस्फरस असे स्वतंत्र उल्लेख करून तो मजकूर आज दुरुस्त केला आहे.