फोटो ही कला, म्हणून कर नाही?

फोटोग्राफरांच्या ग्रुपवर सध्या असा मजकूर फिरतोय: पोर्ट्रेट ही कला आहे, विक्री नव्हे; सुप्रीम कोर्टाचाच तसा निकाल आहे; सॉफ्ट कॉपी दिली तर वस्तूच हातात दिली नाही; म्हणून जीएसटी लावणारा स्टुडिओ लुबाडतोय.

निकाल खोटा नाही, जुना आहे. मध्य प्रदेशातल्या एका स्टुडिओच्या खटल्यात सत्तरच्या दशकात कोर्टाने म्हटलं होतं, की फोटो काढून, धुऊन प्रिंट देणं हे कौशल्याचं काम. त्यावर विक्रीकर लागत नाही. पुढचं मात्र मजकुरात नाही. १९८२ च्या ४६व्या घटनादुरुस्तीने कंत्राटी कामात वापरलेल्या मालावर, म्हणजे इथे प्रिंटच्या कागदासारख्या वस्तूंवर, कर लावायची वाट राज्यांना मोकळी झाली. तरी २००० साली रेनबो कलर लॅबच्या खटल्यात फोटोवालेच जिंकले, आणि २०१५ साली कर्नाटकच्या प्रो लॅब खटल्यात तोही आधार गेला. म्हणजे विक्रीकराच्या काळातच हा मुद्दा हरून झाला होता.

विक्री की सेवा, हे भांडण तेव्हा महत्त्वाचं होतं, कारण विक्रीकर राज्याचा आणि सेवाकर केंद्राचा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी दोन्हींवर लागतो. पोर्ट्रेट फोटोग्राफीला सेवांच्या यादीत स्वतःचा कोड आहे, ९९८३८१, आणि दर १८ टक्के. फोटो पेनड्राइव्हवर दिलात की फ्रेम करून, त्याने सुटका होत नाही.

कलाकारांना सूट आहे ना? आहे, पण लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातलं संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्यांना, तीही मानधन दीड लाखापर्यंत असेल तर. पोवाडा गाणाऱ्या शाहिराला ती मिळू शकते. त्याचा फोटो काढणाऱ्याला नाही.

बहुतेक छोट्या स्टुडिओंना कर लागत नाही हे खरंच, पण त्याचं कारण कला नव्हे, उलाढाल. महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. इथेच लोक फसतात. हा आकडा नफ्याचा नाही. अल्बम छापणाऱ्या लॅबला गेलेले, सोबतच्या व्हिडिओवाल्याला दिलेले पैसेही तुमच्या बिलात असतील तर ते त्यात धरले जातात. त्याच पॅनवर एखाद्या गाळ्याचं भाडं येत असेल तर तेही. '४० लाखांपर्यंत काही नाही' असं सांगणारे भेटतात. ती मर्यादा फक्त मालाचा व्यापार करणाऱ्यांची.

नोंदणी झाल्यावर दर ठरवताना गडबड होते. 'सगळं मिळून २५,०००' असं तोंडी कबूल केलंत, की त्यातले सुमारे ३,८१४ रुपये सरकारचे आणि तुमचे २१,१८६. कॅमेरा-लेन्सवर भरलेला जीएसटी यातून वळता करून घेता येतो, पण बिलं जपली असतील तर.

उरला लुबाडणुकीचा आरोप. नोंदणी असलेल्याने १८ टक्के लावले तर त्यात गैर काही नाही. नोंदणी नसलेल्याला जीएसटीच्या नावाने एक रुपयाही घेता येत नाही. ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेल्या, उलाढालीवर सरसकट सहा टक्के कर स्वतः भरायच्या कंपोझिशन योजनेतल्यालाही तो गिऱ्हाइकाकडून वेगळा वसूल करता येत नाही. तेव्हा बिलावरचा जीएसटी नंबर सरकारच्या जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. कंपोझिशनमध्ये आहे की नाही, तेही तिथेच दिसतं.